टर्बो बदलला, तरी धूर येतोच?

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी पोह्यांवर शेव घालत होतो, तेवढ्यात साडूंचा फोन आला. "दादा, टर्बो दुसऱ्यांदा बदलला, तरी गाडी निळा धूर मारतेच आहे." पहिल्यांदा बदलला होता, हेच मला तेव्हा कळलं. इंदूरला देवास नाक्याला माझं गॅरेज आहे, अठ्ठावीस वर्षं झाली, पण साडू माझ्याकडे गाडी आणत नाहीत. कारण मला ठाऊक आहे. घरच्या माणसाशी बिलावरून घासाघीस करता येत नाही आणि काम फसलं तर शिव्याही घालता येत नाहीत. ते विम्याचं काम करतात. मी माझ्या गाडीचा विमा त्यांच्याकडून घेत नाही, तो याच हिशोबाने.

त्या दिवशी फोनवर त्यांना जे विचारलं आणि मग गाडीखाली पडून जे केलं, ते इथे लिहितो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोतून ऑइल येतंय म्हणजे टर्बो गेला, असं धरून चालणारे मिस्त्री पुष्कळ. "भिया, टर्बो गया" म्हणायला अर्धं मिनिट लागतं. पण टर्बोला ऑइल ओकायला लावणारं बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं, आणि ते सापडलं नाही तर नवा टर्बोही महिन्याभरात तेच करतो.

बॉनेट उघडण्याआधी

मी विचारलं, धूर कधी येतो? "येतो की सारखा." असं उत्तर चालत नाही. सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारला की येतो, की गाडी गरम झाल्यावर? सिग्नलला उभं राहून निघताना येतो, की चढावर रेस दाबून धरल्यावर? घाट उतरताना पाय उचललेला असतो, तो पुन्हा टाकला की येतो का? चालवणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून मी त्यांच्या मुलाला स्कूटर घेऊन गाडीमागे जायला आणि नीट पाहून यायला सांगितलं. तासाभराने त्याचाच फोन आला: "काका, पलासियाच्या सिग्नलला गाडी दोन मिनिटं उभी राहिली की निघताना ढग सोडते. पुढे साफ जाते." निम्मं निदान पोराने करून दिलं होतं. कसं ते पुढे येईल.

मग ऑइलची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी पुसून पाहायची. ऑइल कमी होतंय हे सगळे पाहतात. वाढतंय का, हे कुणी पाहत नाही, आणि जास्त भीती त्याचीच. तिसरी कूलंटची बाटली: थंड इंजिनावर पातळी कुठे आहे, त्यावर स्केच पेनाने रेघ मारून ठेवायची. आणि शेवटी एक पांढरं फडकं काठीला बांधून, उघड्यावर, सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर मिनिटभर धरायचं. कोरडी काजळी लागली तर डिझेल नीट जळत नाही. तेलकट पिवळट डाग पडला तर ऑइल जळतंय. फडकं नुसतं ओलं झालं तर पाणी. दार लावलेल्या गॅरेजात हे करू नका, त्या धुराने माणूस बसल्या जागी जातो.

काळा धूर

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. माझ्याकडे येणाऱ्या टर्बो गाड्यांत बहुतेक वेळा हवाच कमी निघते. हवा मोजणारा सेन्सर एअर क्लीनरच्या लगेच पुढे असतो. त्याने मोजलेली हवा टर्बोतून, मग ती गार करणाऱ्या इंटरकूलरमधून सिलिंडरकडे जाताना मध्येच गळली, तर कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडत राहतो. पिकअप जातो, फुस्स असा आवाज येतो आणि मागे काळं.

एक टॅक्सीवाला मानपूरच्या घाटात गाडी चढत नाही म्हणून आला होता. उभ्या गाडीत होज धडधाकट दिसत होता. फाट होती खालच्या बाजूला, आणि आतून दाब आला की मगच उघडायची. अशी फाट डोळ्यांनी सापडत नाही. सगळे होज आणि क्लिपा डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसून घ्या, मग गाडी दहा किलोमीटर चढावर दाबून चालवून आणा. जिथे हवा गळते तिथे ताजी तेलकट धूळ रेघ मारून बसते. तरी सापडली नाही तर होजची दोन्ही तोंडं बंद करून अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा, पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसं. एक बारच्या वर जाऊ नका, बूच उडून तोंडावर येतं.

होज ठीक असेल तर एअर क्लीनर, काजळीने उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), मग डिझेल फवारणारं नोझल, या क्रमाने. ज्या टर्बोत हलणारी पाती असतात, त्यात ती पाती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची दांडी पूर्ण पुढे-मागे होते का तेही पाहा. काजळीने पाती जाम झाली की दांडी अर्ध्यात अडकते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काळा धूर दिसूच नये. काजळी अडवायला तिच्यात डीपीएफ बसवलेला असतो. सायलेन्सरच्या आत बोट फिरवून काळं झालं तर समजायचं, डीपीएफ फुटलाय, किंवा आधीच्या मालकाने आतून पोकळ करून घेतलाय. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही बोटाची चाचणी जरूर करावी. गाडीवाल्याचा चेहराही तेव्हा पाहावा.

पांढरा धूर

माळव्यातल्या थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ येते, पाण्याचे दोन थेंब पडतात. ती गाडीमागे चार पावलांत विरते. दुखणं नाही ते. डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर थंड इंजिनावर येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तर न जळलेलं डिझेल आहे: हीटर प्लग तपासा, मग नोझल.

लवकर न विरणारा, गोडसर वासाचा धूर आणि बाटलीतल्या रेघेखाली जाणारं पाणी, हे मात्र कूलंट. इथे लोक थेट हेड उघडायला निघतात. रामबागेतल्या एका काकूंना दोघांनी हेड गॅस्केट सांगितलं होतं. मी ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आत साय धरलेली नव्हती. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच रेडिएटरचा होज फुगून कडक होत नव्हता, बाटलीत बुडबुडेही नव्हते. हेड गेलेल्या गाडीत यातलं एखादं तरी लक्षण बहुतेक वेळा सापडतं. मग रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन गाडी रात्रभर ठेवली. सकाळी दाब उतरलेला होता आणि ईजीआरचा पाइप खोलला तर आतून ओला. ईजीआरचा धूर पाण्याने गार करणारा ईजीआर कूलर गळत होता. काकू वर्षानुवर्षं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत आल्या होत्या. आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते नळाच्या तोटीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. तयार कूलंट घाला, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. आणि गोड वास येतो म्हणून कूलंट बोटाने चाखून बघणारा एक मिस्त्री मी पाहिलाय. ते विष आहे.

निळा धूर

आता साडूंची गाडी. २०१४ सालची डिझेल, १२४८ सीसी, एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली. फोनवरच म्हटलं, "चालवत आणू नका, टो करून आणा." त्यांना ते मिस्त्रीचं नाटक वाटलं. ते नाटक नव्हतं. टर्बोतून आलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये साचतं. एखाद्या दिवशी जोरात रेस दिली की ते सगळं एकदम सिलिंडरमध्ये जातं आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल बंद करते. आवाज वाढत वाढत जातो आणि शेवटी इंजिन फुटतं. चालत्या गाडीत असं झालं तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर हवेचं तोंड फळीने झाकणं किंवा त्यात कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मारणं, एवढंच उरतं. हात किंवा फडकं तिथे नेऊ नका, आत खेचलं जातं. आवाज फारच चढला असेल तर गाडीपासून लांब व्हा. गाडी परत घेता येते.

टर्बो ऑइल का ओकतो, हे समजायला त्याच्या पोटात काय आहे ते बघू. शाफ्टच्या एका टोकाला सायलेन्सरकडच्या गरम गॅसने फिरणारा पंखा, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. एवढ्या वेगात हा शाफ्ट बुशच्या आत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या टोकांना पंपाला असतो तसा रबरी सील नसतो, त्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. असते ती पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक रिंग. ती एकटी ऑइल अडवत नाही. पंख्याच्या बाजूचा दाब ऑइलला आत ढकलून धरतो, आणि खाली ऑइलला निघून जायला मोकळी वाट असते, म्हणून ते बाहेर येत नाही.

या वाटेतच खरी गोम आहे. ऑइल वरून बारीक पाइपाने दाबाने येतं, पण खाली जातं ते नुसतं उतारावरून, ताकासारखं फेसाळलेलं. म्हणून रिटर्न पाइप बोटभर जाड असतो. तो तुंबला की ऑइल टर्बोच्या पोटात चढतं आणि मिळेल तिकडून बाहेर पडतं. मोरी तुंबल्यावर न्हाणीघरात पाणी चढतं, तेव्हा आपण नळ बदलतो का?

पोराने सांगितलेली सिग्नलची खूण इथे लागू पडते. उभ्या गाडीत इंजिन हळू चालतं, पंख्याकडून ऑइलला आत ढकलणारा दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे ऑइल झिरपून साचतं आणि निघताना एकदम जळतं. झिजलेल्या पिस्टन रिंगांचा निळा धूर असा नसतो, तो चढावर भार पडला की सतत येत राहतो. सकाळी पहिल्या सेल्फला एक फुर्र निळा आणि मग साफ, ही वॉल्व्ह सीलची खूण. पेट्रोल टर्बोत घाट उतरून पुन्हा रेस दिल्यावर येणारा निळा फुगाही वॉल्व्हचाच. घाट उतरताना पाय उचललेला असतो तेव्हा आत जोरदार ओढ तयार होते आणि वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खेचलं जातं.

मोरी तुंबण्याशिवाय आणखी तीन गोष्टी टर्बोला ओकायला लावतात. एक, ऑइल जास्त भरलेलं. दोन, चोंदलेला एअर क्लीनर, जो पंख्यामागे ओढ निर्माण करून ऑइल शोषून घेतो. तीन, ज्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो: पिस्टनच्या रिंगांतून गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये येतो, किंवा ब्रीदर चोंदल्यामुळे तिथला गॅस बाहेर जात नाही. चेंबरमध्येच दाब असेल तर टर्बोचं ऑइल उतरणार कुठे? यासाठी गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. नाचून पडलं आणि भोकातून धूर भकाभका आला, तर ब्रीदरचा होज काढून बाटलीत सोडा आणि पुन्हा पाहा. फरक पडला तर ब्रीदर, नाही पडला तर रिंगा. रिंगा असतील तर इंजिन बांधावं लागेल, टर्बोवर पैसे घालू नका.

बीएस-६ वाल्यांनी ऑइल वाढण्याकडे लक्ष द्यावं. राजवाड्याहून पलासिया आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या गाडीत डीपीएफची काजळी जाळण्याचं काम अर्ध्यात राहतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल खुणेच्या वर आणि वास डिझेलचा, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरूच करू नका. आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास एकसारखी चालवून आणा. सारखं गाव हिंडून गाडीचं पोट साफ होत नाही, माणसाचंही नाही.

साडूंच्या गाडीत काय निघालं

झाकण शांत होतं. एअर क्लीनर नवा. पट्टी बरोबर. मग थंड इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा होज काढून पंख्याच्या मधला नट दोन बोटांत धरला. आडवा थोडा खेळ असतोच, ऑइलचा थर तेव्हा नसतो, म्हणून. तेवढ्यावर टर्बोला फाशी देऊ नका. आत-बाहेर खेळ मात्र हाताला जाणवता कामा नये. एका बाजूला दाबून फिरवला तरी पातं भिंतीला घासू नये, पात्यांच्या कडा चावल्यासारख्या नसाव्यात. सगळं ठीक. टर्बो चांगला होता! पण इंटरकूलरचा खालचा होज काढला आणि चहाचे दोन कप भरतील इतकं ऑइल वाटीत आलं. आतून हलका तेलकट हात लागणं स्वाभाविक असतं, कपाने मोजण्याइतकं ऑइल नव्हे.

मग रिटर्न पाइप खोलला. फ्लँजवर कागदी पॅकिंगऐवजी राखाडी सिलिकॉन थापलेलं होतं. बोल्ट आवळल्यावर ते जसं बाहेर आलं होतं तसंच आतही गेलं होतं आणि पाइपाच्या तोंडात जिभेसारखं वाळून निम्म्याहून जास्त वाट अडवून बसलं होतं. बाहेरून काम सुबक दिसत होतं. दुसरा टर्बो बसवतानाही तोच पाइप, तसंच सिलिकॉन. साडूंनी दोन्ही बिलं दाखवली, दुसरं २८ हजारांचं. ज्याने काम केलं त्याचं नाव मी विचारलं नाही.

पहिला टर्बो खरंच गेला असेल. ऑइल वीस-वीस हजार किलोमीटर बदललं जात नव्हतं. घाट चढून ढाब्यावर उतरताच चावी बंद करायची सवयही होती. लाल झालेल्या टर्बोत ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद केलं असतं तर वाचला असता. दुसरा टर्बो मात्र बिचारा निर्दोष होता.

परत बसवताना

रिटर्न पाइप आतून साफ केला, पॅकिंग कागदाचं, सिलिकॉनचा थेंब नाही. वरून ऑइल आणणारा बारीक पाइप साफ करत बसलो नाही, नवा घातला. आतला कोळसा वरून निघाला असं वाटतं आणि महिन्याने त्याची खपली सुटून बुशमध्ये जाते. त्याच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते का तेही पाहा, ती तुंबली तरी टर्बो कोरडा मरतो. इंटरकूलर काढून डिझेलने धुतला, हवा मारली आणि रात्रभर उलटा टांगला. आत डिझेल राहिलं तर इंजिन त्याच्यावरही पळू शकतं, म्हणून इथे घाई नको. नवं ऑइल, नवा फिल्टर.

सुरू करण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून पंखा हाताने फिरवला. नोझलची वायरिंग काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, रिटर्नमधून ऑइल वाहताना दिसेपर्यंत. मग वायरिंग जोडून इंजिन सुरू केलं आणि पाच मिनिटं रेस दिली नाही. माझा पोऱ्या पहिल्याच मिनिटाला रेस द्यायला गेला, त्याला हाताला धरून बाजूला केलं. कोरड्या बुशवर नवा शाफ्ट पहिल्या मिनिटातच खराब होतो.

बिल साडेसहा हजार झालं. त्यातले पाचशे साडूंनी कमी करून घेतले, म्हणजे वर लिहिलेलं माझं घासाघिशीबद्दलचं मत चुकीचं ठरलं. नेताना सांगितलं होतं की सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल बसलंय, ते जळेपर्यंत थोडा धूर येणार, घाबरू नका. तरी सोमवारी फोन आला, मंगळवारी आला, बुधवारी दोनदा आला. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी आला तेव्हा विचारत होते, दादा, तुमच्या गाडीचा विमा कधी संपतोय?